पालथा बगळा

दागिना मी आधी पालथा घालते.
समोरून सगळेच हसतात.
खरं काय ते पाठीवर:
डाकाचा ओघळ, टाचणीची बिजागरी,
आणि नशीब असेल तर
तांदळाएवढ्या अक्षरांत कारखान्याचं नाव.

या ब्रोचवर नाव नाही.
पॉटकेटच्या चर्चच्या तळघरात, जुन्या बाजारात,
बटणांच्या बरणीत सापडला,
तीन डॉलरला, बरणीसकट.
बगळा. एका पायावर.
छातीत अठ्ठावीस खडे, त्यातले चार मेलेले.
आम्ही जमवणारे त्यांना मेलेलेच म्हणतो:
मागची बेगड ओलीनं काळवंडली
की काच नुसती काच उरते.
बेगडी म्हणजे खोटं, असं सहज म्हणून जातात लोक;
खड्याचा उजेड सगळा बेगडीचाच असतो.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी.
आता भिंगाला डोळा लावून बसते
वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर,
पेटंटच्या जाडजूड खंडांत बगळा शोधत.
हंस सापडले, सतरा. मोर. पोपट.
छत्री धरलेला बेडूक.
बगळा नाही.

युद्धात कथील सैन्यानं नेलं,
तेव्हा खोट्या दागिन्यांना
खरी चांदी वापरायची वेळ आली.
हा कथलाचा.
म्हणजे त्याआधीचा, नाहीतर नंतरचा.
एवढं कळायला मला दोन हिवाळे लागले.

मग कुणीतरी इडालिना फुर्तादोचं नाव सांगितलं.
फॉक्स पॉइंट, तिसरा मजला, वय एक्याण्णव.
जिन्यात तळलेल्या माशाचा वास.
ब्रोच हातात दिला, तर तिनंही
तो आधी उलटाच केला
(मला ती तिथेच आवडली),
मग सुलटा करून, डोळे मिटून,
अंगठ्याचं नख फिरवलं एकेका कोंदणाच्या काठानं.
"गोंद डावीकडे सांडलाय," म्हणाली. "सगळीकडे.
ही लुर्देस."

लुर्देस, धाकटी बहीण, डावखुरी.
कारखान्यातून आई खोक्यांनी काम घरी आणायची.
घरी करायला बंदी होती, म्हणून पडदे ओढून,
जेवणाच्या टेबलावर, भांडी आवरल्यावर,
पोरं खडे बसवायची. बारा डझनांना नऊ सेंट.
जिन्यात अनोळखी बूट वाजले
की सगळं पावाच्या टोपलीत, वर फडकं.
"एकदा पावातनं माणिक निघालं," इडालिना म्हणाली,
"बापानं गिळलं. बघत बसलो आम्ही, मरतो का ते."

मी विचारलं, लुर्देस कधी गेली?
"गेली? फ्रेझ्नोत आहे. धडधाकट आहे.
बोलत नाही आम्ही. चव्वेचाळीस वर्षं."
कशावरून?
"आईच्या कुड्यांवरून."
जरा थांबून, बगळ्याकडे बघत:
"त्या सोन्याच्या होत्या."

शहरात डावखुऱ्या मुली शेकड्यांनी असतील.
गोंदावरून नाव ठरत नाही,
हे मला कळतं, माझ्या वहीला तर फारच कळतं.
'निर्माता: अज्ञात' खोडून मी शिसपेन्सिलीनं लिहिलं:
लुर्देस फुर्तादो, जेवणाचं टेबल.
पुढे प्रश्नचिन्ह. ते राहू दिलं.

मेलेले खडे बदलून देणारा एक जण आहे क्रॅन्स्टनमध्ये,
फरक ओळखूही येत नाही म्हणे.
नको म्हटलं त्याला.

निघताना इडालिनानं विचारलं, कितीला घेतलास?
तीन डॉलर.
ती इतकी हसली की खोकला लागला.
पाणी दिलं, पाठ चोळली.
तोवर बगळा तिच्या स्वेटरवर होता,
कधी टोचला, मला दिसलं नाही.
मी मागितला नाही.
तिनं दिला नाही.

माझ्या पेटीत त्याची जागा तशीच आहे,
कापसात एका पायाचा खळगा.
ती फ्रेझ्नोला फोन करेल का, माहीत नाही.
मी विचारणार नाही.
मंगळवारी मी परत वाचनालयात.
आठवा खंड.
पान चारशे सहा:
अजून एक हंस.